माझ्या आवाजातलं ‘ठीक’

लच्छू सोयाम दबून मेला, तेव्हा छत ठीक आहे असं माझ्या आवाजात सांगितलं गेलं होतं. मी त्या वेळी घरी वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो. सावरघाट खाणीचा भोंगा वाजला. माझी मुलगी उत्पला त्याच पाळीत खाली होती, म्हणून शेंगा तशाच ठेवून मी खाणीच्या तोंडाशी गेलो.

अर्ध्या तासाने ती वर आली. तोंड काळं, फक्त चष्म्याच्या जागी दोन गोल. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “लच्छूदादा गेले.”

“कुठं?”

“तेरा नंबर गल्लीत. डोमाबाबानं ठीक म्हटलं होतं.”

डोमाबाबा म्हणजे यंत्र. डोमाजी रामटेके म्हणजे मी. हा फरक आधी सांगायला हवा.

मी एकतीस वर्षं कोळशाच्या खाणीत ड्रेसर होतो. ड्रेसरचं काम सगळ्यांच्या आधी जायचं. सुरुंग उडाला, धूर निवला, की पहिला माणूस आत जातो तो ड्रेसर. हातात लांब सब्बल, म्हणजे लोखंडी पहार. तिच्या टोकाने छताला ठोकायचं आणि ऐकायचं. छत भरीव असेल तर ठण वाजतं. सुटलेलं असेल तर भद्द वाजतं, ते कोणालाही कळतं. पण एक तिसरा आवाज आहे. छताचा पातळ थर वरच्या दगडापासून नुकताच सुटायला लागलेला असतो. ठोकलं की आधी ठणच वाजतं आणि त्याच्या मागून, केसाएवढं बारीक, चर्र येतं. काशाच्या वाटीला तडा गेला की येतं तसं. हे चर्र ज्याला ऐकू येतं तो खरा ड्रेसर. मला यायचं. पंख्याचा घरघराट चालू असला, माणसं बोलत असली, तरी यायचं. त्यामुळे माझं नाव आसपासच्या नऊ खाणींत माहीत होतं.

आमच्यात एक रीत आहे. एका ड्रेसरने ठीक म्हटलेल्या छताला दुसरा ड्रेसर सब्बल लावत नाही. लावली तर त्याचा अर्थ, पहिला खोटा. माझ्या साडूने एकदा माझ्यामागून ठोकलं होतं, त्याच्याशी मी नऊ वर्षं बोललो नाही. बाहेरच्या माणसाला हे वेड वाटेल. पण खाली तीनशे फुटांवर माणसं एकमेकांच्या शब्दाखाली बसून काम करतात. शब्दावर दुसरा शब्द आला की कोणाच्या खाली बसायचं, हे कळेनासं होतं. म्हणून रीत. उत्पला या खाणीतली पहिली बाई ड्रेसर. तिला मीच शिकवलं, आणि रीतही मीच शिकवली.

मी निवृत्त झालो त्या वर्षी कंपनीने छत ठोकणारं यंत्र आणायचं ठरवलं. कमरेएवढी गाडी, तिला एक हात, हाताला हातोडी, आणि आवाज टिपायला कान. ठोकणं सोपं होतं. ऐकून ओळखणं त्याला शिकवायला लागणार होतं, आणि शिकवायला माणूस हवा होता. त्यांनी मला बोलावलं.

चंद्रपुरात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर गार हवेची खोली होती. मी कानांवर हेडफोन लावून बसायचो. नऊ खाणींत ठोकलेल्या छतांचे आवाज एकामागून एक यायचे. प्रत्येकाला मी म्हणायचो, ठीक, किंवा पोकळ. यंत्र ते ऐकून शिकायचं. हजारो वेळा ऐकलं की त्याला आपोआप कळायला लागतं, असं तिथल्या इंजिनियरने सांगितलं. लहान पोराला आपण गाय दाखवतो, बैल दाखवतो, तसंच. दाखवणाऱ्याने म्हशीला गाय म्हटलं तर पोर म्हशीला गायच म्हणणार, हेही त्यानेच हसत सांगितलं होतं.

खात्री करायला माझ्या शेजारी पोशट्टी नावाचा दुसरा ड्रेसर बसवला होता. त्याने वेगळं बटण दाबायचं, दोघांची उत्तरं जुळतात का ते बघायचं. पोशट्टी माझं उत्तर ऐकायचा आणि तेच बटण दाबायचा. दोघांचं शंभरातलं शंभर जुळलं. इंजिनियर खूश झाला.

अडचण एकच होती, खर्रा. मी पंधराव्या वर्षापासून तंबाखू-सुपारीचा खर्रा खातो. खोलीत थुंकायला जागा नव्हती, आणि तोंडात खर्रा असला की माझं ‘ठीक’ यंत्राला कळायचं नाही. त्या सुमारास कंपनीने खाणकामगारांचा खर्रा सोडवायला वाफेच्या कांड्या वाटायला सुरुवात केली होती. शहरात वेप म्हणतात, आमच्याकडे कांडी. पेनाएवढी नळी, आत चवीचा रस, ओढलं की रस तापून वाफ होते. आधी यावर बंदी होती. मग निकोटिन नसलेल्या कांडीला परवानगी मिळाली, फक्त ठिणगीच्या भीतीने ती खाणीत खाली न्यायची नव्हती. वाटणारी मुलगी म्हणाली, “काका, यात तंबाखू नाही, निकोटिन नाही, काहीच नाही. नुसती चव आहे.”

पुदिना होता, दालचिनी होती, पानमसाला होता. मी संत्रा घेतला. म्हटलं, संत्रं खाऊन कोण मेलंय.

त्या खोलीत मी चौदा महिने बसलो. कांडी सारखी ओढत होतो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. काम संपताना त्यांनी माझा आवाज मागितला. यंत्राने नुसती शिट्टी वाजवली तर माणसं जुमानत नाहीत, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. मी चार-पाच वाक्यं बोलून दिली. ठीक. पोकळ आहे, मागे या. अशी.

यंत्र खाली गेलं. पोरं त्याला डोमाबाबा म्हणायला लागली. “बायकोपेक्षा बरा हाय,” पोशट्टी म्हणायचा, “एकदाच बोलते अन् चूप राह्यते.” दोन वर्षांत बहुतेक ड्रेसर दुसऱ्या कामाला लावले गेले. सावरघाटात चारच उरले. त्यात एक उत्पला, एक पोशट्टी. त्यांचं काम यंत्रामागे चालायचं आणि ते ठीक म्हणालं की माणसांना आत सोडायचं.

लच्छू गेला तो असा आत सोडलेला माणूस होता.

चौकशी समितीने मला बोलावलं. तिथे तीन साहेब होते. त्यांनी लच्छूच्या वरच्या छतावर यंत्राने मारलेला ठोका ऐकवला. जाणकार म्हणून माझं मत हवं होतं. मी हेडफोन नीट बसवले, डोळे मिटले. ठण. पुन्हा लावायला सांगितलं. ठण. तीनदा ऐकलं.

“भरीव आहे,” मी म्हटलं.

“खात्री आहे?”

“एकतीस वर्षं हेच केलं साहेब.”

त्यांनी लिहून घेतलं. छत भरीव होतं तर ते का पडलं, याचं उत्तर मग एकच उरत होतं. लच्छूने टेकूचा खांब वेळेआधी काढला असणार. तसं त्यांनी लिहिलं. मी तो कागद ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचला, खाली सही केली.

दाराबाहेर लच्छूची बायको जंगूबाई बसली होती. तिने विचारलं, “काय निघालं जी?”

“छत ठीक होतं.”

“मंग त्याईनंच काही केलं म्हना.”

मी सायकल काढली आणि घरी आलो.

महिनाभराने निवृत्त माणसांच्या कानांची तपासणी होती. कॉलनीच्या मैदानात एक बस येऊन उभी राहिली होती. आत नाझिया कुरेशी नावाची बाई होती, तिशीतली, हसरी. कानांची डॉक्टर. त्या दिवशी माझ्या आधी पंधरा-वीस जण होऊन गेले होते, आदल्या दोन दिवसांत आणखी कितीतरी.

तिने माझ्या कानात एक मऊ रबरी बूच बसवलं. म्हणाली, “काका, तुम्हाला काही करायचं नाही. गप्प बसा. मी तुमच्या कानाला दोन आवाज देणार, आणि तुमचा कान मला उत्तर देणार.”

“कान उत्तर देतो?”

“चांगला कान स्वतः आवाज करतो. फार बारीक. तुम्हाला ऐकू येत नाही, पण या यंत्राला येतो. कानाच्या आतल्या पेशी आवाजाबरोबर नाचतात, त्यांचा तो आवाज. उत्तर आलं तर पेशी जिवंत.”

“म्हणजे ठोकून बघायचं.”

“तसंच.”

तिने ठोकून बघितलं. पडद्यावर रेघा आल्या. डावीकडच्या उंच, मग उजवीकडे उतरत उतरत जमिनीला लागल्या. तिने दुसरा कान बघितला. तोही तसाच. तिचं हसू तिथेच राहिलं, पण ती सावकाश बोलायला लागली.

“लोक बोलतात ते कळतं ना?”

“सगळं कळतं.”

“टीव्ही?”

“कळतो.”

“रातकिडे?”

मी आठवून बघितलं. “दोन-तीन वर्षांत रातकिडे कमी झालेत. फवारणी करतात ना आजकाल.”

तिने बसचं दार उघडलं. बाहेर कमरेएवढं गवत होतं. ढगाळलेली दुपार होती. ती म्हणाली, “काका, या गवतात आत्ता रातकिडे ओरडताहेत. मला बोलायला त्रास होतोय इतके.”

मी गवताकडे बघितलं. गवत हलत होतं. दुसरं काही नव्हतं.

“कांडी ओढता?”

“संत्रा.”

तिने एका वहीत लिहिलं. मग तिने मला एक कानाचं चित्र दाखवलं आणि जे सांगितलं ते मी जसं समजलो तसं सांगतो. कानाच्या पडद्यामागे हवेची एक छोटी पेटी असते. तिची एक नळी खाली घशात उघडते. आपण गिळतो तेव्हा कानात कट्ट होतं, ती ही नळी उघडल्याची खूण. कांडीची वाफ घशात जाते, तेव्हा थोडी त्या नळीतून वर पेटीत जाते. पेटीच्या आत अस्तर असतं, त्याला बारीक केस असतात, ते घाण खाली लोटत राहतात. चवीची द्रव्यं तापली की त्या केसांना मारतात. त्याला निकोटिन लागत नाही, चव पुरते. मग घाण साचते, आणि वाफेतली द्रव्यं तिथेच मुरत राहतात. पेटीच्या आतल्या भिंतीत पातळ पडदा लावलेली एक खिडकी आहे. तिच्या पलीकडे शंख. शंखात ऐकणाऱ्या पेशींची रांग असते. बारीक, उंच आवाज ऐकणाऱ्या पेशी खिडकीपाशी, जाड आवाज ऐकणाऱ्या आत खोल टोकाला. मुरलेलं विष खिडकीतून झिरपतं आणि खिडकीपाशी जो बसला आहे तो आधी मरतो.

“म्हणून तुम्हाला बोलणं ऐकू येतं,” ती म्हणाली. “बोलणं बरंचसं मधल्या आवाजात असतं. वरचे आवाज गेलेत. माणसाला वर्षानुवर्षं कळतच नाही की काही गेलंय.”

“परत येतात?”

“या पेशी परत येत नाहीत.”

“किती दिवसांत जातात?”

“सारखी ओढणाऱ्यांचं चौथ्या-पाचव्या महिन्यात सुरू होतं. या कॉलनीत तुम्ही एकतिसावे. पुदिना असो, दालचिनी असो, रेघा सगळ्यांच्या अशाच.”

मी बसमधून उतरलो. मैदान ओलांडताना महिने मोजले. चौदातले पहिले चार महिने मी खरं सांगितलं असणार. पुढचे दहा महिने चर्र करणारी छतं माझ्या कानात ठण वाजली, आणि मी त्यांना ठीक म्हटलं. शेजारी पोशट्टीने ठीकचं बटण दाबलं. यंत्राने ते शिकून घेतलं.

मला वाटलं होतं, हे कळल्यावर छातीत काहीतरी होईल. तसं काही झालं नाही. मी दुकानातून साखर घेतली आणि घरी गेलो.

उत्पला पहिल्या पाळीहून आली होती. तिचा नवरा बल्लारशाला रेल्वेत आहे. पाळीच्या दिवसांत ती माझ्याकडे राहते. ती अंगणात बूट धूत होती. चौकशीच्या वेळी दिलेला ठोका माझ्या फोनमध्ये होता. मी हेडफोन तिच्यापुढे धरले.

“हात ओले हायेत बाबा. काय हाय?”

“एक ठोका ऐक.”

तिने हात पुसले, हेडफोन लावले. एकदाच ऐकलं. लगेच काढले. “कोणत्या बह्याड्यानं सोडली याच्याखाली माणसं? कशी चर्र करून रायली.”

मी फोन खाली ठेवला.

“कोठचं हाय हे?”

“तेरा नंबर.”

तिने माझ्याकडे बघितलं. मग फोन स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा लावला. या वेळी एक हेडफोन माझ्या कानाला धरला, एक तिच्या. “हे. आता. आली का ऐकू?”

“नाही.”

“हे?”

“ठण आलं.”

“त्याच्या मागून.”

“मागून काही नाही बाई.”

मी तिला बसबद्दल सांगितलं. सगळं सांगितलं. चौदा महिने, पोशट्टीचं बटण, संत्रा. ती पायरीवर बसली. बुटातलं पाणी वाहत राहिलं.

“मी तेथीच होती बाबा,” ती म्हणाली. “लच्छूदादाले आत सोडलं तवा. सब्बल माझ्या हातात होती. एक डाव मारली असती त मले आलं असतं ना ऐकू.”

“आलं असतं.”

“तुमी ठीक म्हटलं ना पण. मी कशी मारीन?”

तिने दुसरा बूट घेतला आणि धुवायला लागली. मी आत जाऊन चहा ठेवला. दोघांनी तो प्यायला. उद्या पहाटे तिची पुन्हा पहिली पाळी होती, आणि खाली सगळीकडे मीच ठीक म्हणत फिरत होतो.

दुसऱ्या दिवशी ती खाली असतानाच मी मॅनेजर भुसारी साहेबांकडे गेलो. नाझियाबाईंचा कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. साहेब माणूस वाईट नाही. त्यांनी सगळं ऐकलं, दोनदा विचारलं, मग दार लावून घेतलं.

“डोमाजी, तुम्ही काय बोलताय त्याचा अर्थ कळतोय? नऊ खाणींत हे यंत्र आहे.”

“हो.”

“ते काढलं तर माणसं कुठून आणू ठोकायला? माझ्याकडे चार ड्रेसर.”

“त्या चौघांचे कान तपासा आधी.”

ते त्यांनी केलं. दोघांच्या रेघा माझ्यासारख्याच निघाल्या. त्यांना वर बोलावून घेतलं. उरले दोन, उत्पला आणि पोशट्टी. पोशट्टीने कांडी कधी ओढली नव्हती, कारण फुकटची गोष्ट त्याला सोसत नाही, असं तो म्हणतो. म्हणजे त्या खोलीत त्याला सगळं ऐकू येत होतं. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, “कधी कधी यायची चर्र. वाटे, डोमाजीनं ठीक म्हटलं म्हंजे आपलाच कान वाजून रायला.” मी त्याला पुढे काही विचारलं नाही.

वरून निर्णय आला. लच्छूची चौकशी पुन्हा उघडायची. यंत्र नव्याने शिकवायला सहा महिने लागतील. तोपर्यंत अर्धी खाण बंद, अर्धी चालू. चालू भागात यंत्र ठोकेल, त्याच्यामागून ड्रेसर हाताने ठोकेल, आणि मगच माणसं आत जातील. फळ्यावर नोटीस लागली. मला वाटलं, झालं.

चार दिवसांनी जेवताना उत्पला म्हणाली, “पोशट्टीकाका ठोकत नाई.”

“म्हणजे?”

“सब्बल छताले टेकवते. पायाले हात लावल्यासारखी. आवाज कायचा येईन? मंग वहीत लिहिते, ठोकलं.”

“नोटीस आहे ना.”

“नोटीस कागदावर हाय. खाली तुमचा आवाज येते.”

“आणि तू?”

तिने भात कालवला. “मी मारते. पण तुमी ठीक म्हटलं का हात अर्ध्यातच थांबते. जोर राह्यत नाई त्याच्यात. काल एका जागी तीनदा मारली, तवा पुरी लागली. पहिल्या दोन वेळा काहीच आलं नाई ऐकू. मले वाटलं, भरीव हाय. तिसऱ्यांदा चर्र आली.”

“कुठं उभी होतीस?”

“खालीच. अजून कोठी राहीन?”

मी रात्रभर विचार वगैरे केला नाही. झोप लागली. सकाळी उठलो आणि भुसारी साहेबांकडे गेलो. म्हटलं, मला त्या खोलीत न्या, यंत्रात एक वाक्य घालायचं आहे.

वाक्य कोणतं ते ऐकून साहेबांनी मान हलवली. “यंत्र स्वतःच सांगणार की माझ्यावर भरवसा ठेवू नका? वरून परवानगी मिळणार नाही.”

“मग माझा आवाज काढून टाका. शिट्टी लावा.”

“शिट्टीला कोणी जुमानत नाही, तुम्हाला माहीत आहे.”

“आहे ना माहीत. जुमानलं नाही म्हणजे सब्बल मारतील.”

त्यांनी फोन केले. दोन तास लागले. मग मला गाडीत बसवलं.

खोली तशीच गार होती. इंजिनियर नवा होता. त्याने माझ्यापुढे माईक ठेवला. मी कागदावर लिहून नेलं होतं. लिहिलेलं वाचलं तर आवाज माझ्यासारखा येत नव्हता, म्हणून कागद घडी करून खिशात घातला आणि खाली बोलायचो तसं बोललो.

“मी डोमाजी. माहा कान गेला हाय. मी ठीक म्हटलं तरी माह्या मागून सब्बल मारा. जोरानं मारा. मले राग येणार नाई.”

इंजिनियरने मला ऐकवण्यासाठी हेडफोन पुढे केले. मी म्हटलं, तुम्हीच ऐका. त्याने ऐकलं. म्हणाला, नीट आलंय.

सोमवारी पहिल्या पाळीत ते वाक्य खाली गेलं. मी त्या दिवशी खाणीच्या तोंडाशी गेलो नाही. घर झाडलं. वरण शिजवलं. कांडी सोडली होती, पण खर्रा परत सुरू झाला होता, तो खाल्ला. साडेतीनला उत्पला आली, हातपाय धुतले, ताटावर बसली.

“वाजलं का?” मी विचारलं.

“वाजलं. प्रत्येक ठोक्यामागून वाजते. पोशट्टीकाका म्हणे, डोमाजी जनमभर एवढं नाई बोलला.”

“मारली का त्यानं?”

“पहिल्यांदा वाजलं तवा सब्बल खाली ठेवली अन् उभा रायला. दुसऱ्यांदा वाजलं तवा मारली. मंग मारतच गेला.”

“आणि तू?”

“मारली.”

“हात?”

“पुरा गेला.”

मी तिला वरण वाढलं. ती खायला लागली. थोड्या वेळाने मी विचारलं, “किती जागा झाल्या?”

“सत्तावीस.”

“चर्र किती?”

तिने घास गिळला. “पाच.”

“कोणत्या?”

“नऊ नंबर. अकरात दोन. सोळा. अन् वीसच्या तोंडाशी एक.”

वीसच्या तोंडाशी मोकळी जागा आहे. मला ती माहीत होती. “तिथं काय काम चालतं?”

“काम नाई चालत. आमी डबे खातो तेथी. दोन वर्सं झाली. पंधरा-सोळा जण बसतो रोज. तुमी सगळ्यांत पहिले ती जागा ठीक म्हटली होती, म्हणून तीच धरली.”

“आज कुठं बसलात?”

“आज कोणी बसलं नाई. दुसऱ्या गल्लीत उभ्यानंच खाल्लं.”

तिने ताट पुढे सरकवलं. मी त्यात भात वाढला आणि ती तो खाऊ लागली.